ओमू, तो फॉर्म पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय ओमू,

परवा रात्री तू लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडाच ठेवून झोपायला गेलास, मी बंद करायला गेले तर समोर आर्मी आरओटीसीच्या, म्हणजे कॉलेजात शिकता शिकता अमेरिकन सैन्यासाठी ऑफिसर घडवतात त्या कार्यक्रमाच्या, स्कॉलरशिपचा अर्धा भरलेला फॉर्म. मी वाचला. तुला विचारायला हवं होतं, पण वाचला. ऑफिसर का व्हायचंय या प्रश्नाखाली तुझं पहिलंच वाक्य होतं की त्यामुळे आईवडिलांवरचा कॉलेजच्या खर्चाचा भार कमी होईल. त्या एका वाक्यात मी दोन दिवस अडकून पडलेय. समोर बसून बोलायला गेले तर मला रडू येईल आणि तू खोलीत निघून जाशील, म्हणून लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, लागू दे.

मागच्या वर्षी बाबांची नोकरी गेली ते पाच महिने तू जिन्यात बसून सगळं ऐकायचास हे मला माहितीये. पण ते पाच महिने संपले रे. तू एडिसनहून, घरी राहून, रटगर्स युनिव्हर्सिटीला गेलास, थोडं लोन काढलं, उन्हाळ्यात तू काम केलंस, तर चार वर्षं निघतात, बाबांनी आणि मी बसून हिशोब केलाय, तो कागद तुला दाखवते. म्हणजे पैशासाठी तुला आठ वर्षं कुणाला लिहून द्यायची गरज नाही. हे तुला पक्कं कळलं तरच पुढचं वाच.

कारण आठ वर्षांचीच गोष्ट आहे ती. सरकार एकतर पूर्ण ट्यूशन भरतं किंवा राहण्या-जेवणाचा खर्च देतं, पुस्तकांना वर्षाला १,२०० डॉलर वेगळे, आणि कॉलेज चालू असताना महिन्याला ४२० डॉलर हातात. तू एवढंच वाचलंयस असं मला वाटतं. त्याखालचं पान मी तीनदा वाचलं. डिग्री झाली की तू सेकंड लेफ्टनंट, आणि एकूण बांधिलकी आठ वर्षांची, त्यातली साधारण चार पूर्णवेळ आणि उरलेली रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडली तर बोलावतात त्या राखीव फौजेत. चार वर्षांची स्कॉलरशिप असली तर पहिलं वर्ष करून बघता येतं, नाही जमलं तर काही देणं न लागता बाहेर पडता येतं. पण दुसरं वर्ष सुरू झालं की तू बांधला गेलास, मग मधेच सोडलंस तर एकतर सगळे पैसे परत करायचे नाहीतर साधा सैनिक म्हणून नोकरी करायची. म्हणजे खरा निर्णय तू पहिल्या वर्षाच्या शेवटी घेणारेस, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना. तेव्हा मी शेजारच्या खोलीत असेन की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच सांगते, त्या उन्हाळ्यात मला फोन कर आणि खरं काय ते सांग. आणि हो, स्कॉलरशिप मिळाली म्हणजे कॉलेजची अ‍ॅडमिशन मिळाली असं नाही, ती वेगळी घ्यावी लागते, त्यामुळे रटगर्सचा फॉर्म मागे ठेवू नकोस.

काल मी आप्पांना साताऱ्याला फोन केला. मला वाटलं म्हणतील दुसऱ्या देशाच्या फौजेत कशाला. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आख्खं आयुष्य त्यांना वाटत आलं की घरातलं एक तरी पोर ऑफिसर व्हावं. ते बराच वेळ गप्प होते, मग एकच विचारलं, "त्याला पोरं सांभाळता येतील का?" मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. वर बर्फातल्या एका पोस्टवर त्यांच्याकडे नवीन लेफ्टनंट आला होता, तेवीस-चोवीसचा, आप्पांपेक्षा बारा वर्षांनी लहान. तो रोज संध्याकाळी प्रत्येक जवानाला बूट-मोजे काढायला लावायचा आणि टॉर्च लावून बोटं बघायचा, काळी पडतायत का. आप्पांना आधी त्याचा राग यायचा, पण त्या हिवाळ्यात त्यांच्या तुकडीतल्या एकाचंही बोट गेलं नाही. आप्पा म्हणाले, "ऑफिसर म्हंजे त्यो. त्याला सांग, पाय बघायची तयारी आसंल तरच जा."

ऑफिसर का व्हायचंय, या प्रश्नाला हे उत्तर आहे बाळा. मला लगेच तुझा मागच्या ऑगस्टचा बँड कॅम्प आठवला, तू नववीच्या पोरांच्या बाटल्या भरून सावलीत ठेवायचास, आणि तो एक मुलगा उन्हात चक्कर येऊन पडला तेव्हा मी तुला घ्यायला आले तरी तू त्याची आई येईपर्यंत हलला नाहीस. तुला ते लिहिण्यासारखं वाटत नाही. मला वाटतं. इंटरव्ह्यू घेणारा आरओटीसीचाच अधिकारी असतो, त्याला पैशाचं वाक्य रोज ऐकायला मिळत असणार.

आता आपल्या घराचा गुंता. अपशिंगे आपल्या गावापासून लांब नाही, तुला नेलं होतं एकदा, तिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला. इंग्रजांच्या फौजेत. त्यामुळे दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढणं आपल्या भागाला नवीन नाही, पण त्या माणसांना हा झेंडा कुणाचा हे विचारायची फारशी सोय नव्हती, तुला आहे. आणि तुझ्यासाठी तो दुसऱ्याचा नाहीच, तू इथे जन्मलास. दुसऱ्याचा होता तो माझ्यासाठी. तू सहा वर्षांचा असताना मी सिटिझन झाले, शपथेत एक ओळ आहे की कायद्याने सांगितलं तर मी अमेरिकेसाठी शस्त्र धरीन. मी ती ओळ सगळ्यांबरोबर म्हटली आणि पुढे गेले, तू बाबांच्या मांडीवर छोटा झेंडा हलवत होतास. ती ओळ कुणीतरी खरंच करायची असते हे मला परवा रात्री कळलं.

भारत सरकारचा नियम असाय की परदेशी सैन्यात असणाऱ्याला ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मिळत नाही. तुझ्याकडे कार्ड आहे, पण ते राहणार नाही असं धरूनच चाल, मग आप्पांना भेटायला जायचं तर व्हिसा काढायचा, वरिष्ठांना आधी कळवायचं. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे गुप्त माहिती हाताळायला देण्याआधीच्या तपासणीच्या, वेळी भारतातल्या जवळच्या नातेवाईकांबद्दल विचारतील, जे असेल ते सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही.

लपवण्यावरून आठवलं. तुझा इन्हेलर. स्कॉलरशिप आधी देतात पण ती मेडिकल पास होण्यावर असते, आणि त्यांचा नियम असाय की तेराव्या वाढदिवसानंतर दमा असला तर मेडिकलमध्ये बाद. तू चौदाचा होतास, दोन आठवडे खोकला गेला नाही म्हणून डॉक्टरने लिहून दिला आणि नंतर तू त्याला हात लावला नाहीस. मला आपल्यातल्याच एका काकांनी सांगितलं की लिहूच नका, कोण बघतंय. ओमू, तू लिहायचंस. औषधाच्या दुकानात नोंद आहे, आणि नसती तरी लिहायचंस. फुप्फुसाची टेस्ट करून वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो, प्रत्येकाचा वेगळा विचार करतात, कदाचित नाहीही देणार. नाही मिळाला तर मी तुझ्याबरोबर रडेन, पण खोटं लिहून मिळवलेल्या वर्दीत तू दुसऱ्या कुणाचे पाय कसे बघशील?

अजून एक. तुझे मार्क काठावरचे आहेत म्हणून तू खचतोस. कॉलिन पॉवेलचे आईवडील जमैकाहून न्यूयॉर्कला आले होते, तो सिटी कॉलेजमध्ये जिऑलॉजीत कसाबसा पास व्हायचा, मन फक्त आरओटीसीत लागलं, १९५८ साली तिथूनच ऑफिसर झाला आणि पुढे अख्ख्या सैन्यदलांचा प्रमुख. त्याला कुठली स्कॉलरशिप नव्हती, ही स्कॉलरशिपच १९६४ च्या कायद्याने आली. म्हणजे ती नाही मिळाली तरी तू पहिल्या वर्षी आरओटीसीच्या वर्गात नाव घालू शकतोस, सकाळी सहाला पीटीला जाऊ शकतोस, आवडतंय का बघू शकतोस. त्यासाठी कुणाला वर्षं लिहून द्यावी लागत नाहीत.

आणि मला भीती वाटते. ती मी लपवणार नाही, तुला इन्हेलर लपवू नको म्हणाले तर मी कशी लपवू. भीती वाटते आणि तरीही तू विचारलंस तर मी नाही म्हणणार नाही.

ते पहिलं वाक्य खोड. बाकीचं तू लिही, मी वाचणार नाही. डॉक्टरची फाइल मी सोमवारी मागवतेय. रविवारी सकाळी सातला बाबा स्टॉपवॉच घेऊन शाळेच्या ट्रॅकवर येणारेत, स्कॉलरशिपच्या फिटनेस टेस्टची तयारी म्हणून एक मैल पळायचाय, आधी एका मिनिटाचे पुशअप आणि एका मिनिटाचे सिटअप. आप्पांनी टायमिंग कळवायला सांगितलंय, तिकडे तेव्हा संध्याकाळ असेल, ते फोन घेऊन ओट्यावर बसणारेत.

तुझी,
आई