चौथीतला इतिहास काढू नका, तो शिकवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळेतून इतिहास काढून टाकावा आणि त्याऐवजी भाषेच्या तासाला चार गोष्टी सांगाव्यात, असे सुचवणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखक महाशय चौथीच्या वर्गासमोर कधी उभे राहिले आहेत का, हे लेखावरून कळत नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली बरीचशी जुन्नर तालुक्यात, आणि चौथीचा वर्ग माझ्या वाट्याला सर्वांत जास्त वेळा आला. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सनावळ्या मुलांच्या लक्षात राहत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी १६३०, १६५९, १६७४ हे नुसते आकडे असतात. तो ते घोकतो, पेपरात उतरवतो आणि मे महिन्यात विसरतो. पण म्हणून विषयच काढायचा? भागाकार जमत नाही म्हणून गणित काढा, असे कोणी म्हणत नाही.

खरी अडचण क्रमाची आहे आणि तिच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. शिवछत्रपतींचा इतिहास चौथीला. इतिहास म्हणजे काय आणि काळ कसा मोजायचा, हे धडे मात्र पाचवीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची हकिकत आधी सांगायची आणि साडेतीनशे वर्षे म्हणजे किती, ते पुढच्या वर्षी. मग एखादे पोर विचारते, "बाई, तेव्हा तुम्ही होता का?" त्याचे काय चुकले? त्याच्या लेखी बाईही पूर्वीच्या आणि महाराजही पूर्वीचे.

मी सुतळी घेऊन वर्गात जायचे. पहिली गाठ मुलाची, दुसरी आईची, तिसरी आजीची, चौथी पणजीची. पंचवीस वर्षांना एक गाठ धरली, तर राज्याभिषेकापर्यंत चौदा गाठी मागे जावे लागते. सुतळी खिडकीपासून फळ्यापर्यंत ताणून बांधायची आणि प्रत्येक गाठीला मुलांनी घरातले नाव सांगायचे. चौथ्या-पाचव्या गाठीला नावे संपायची. पुढच्या गाठी नुसत्याच मोजत जाताना मुलांना पहिल्यांदा अंतर जाणवायचे. यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो, ना व्हिडिओ.

तिसऱ्या गाठीवर बहात्तरचा दुष्काळ यायचा. घरी जाऊन आजीला विचारून या, असे सांगितले की दुसऱ्या दिवशी मुले सुकडीची चव, लाल मिलोच्या म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, खडी फोडताना हाताला आलेले फोड, असे सगळे घेऊन यायची. एका वर्षी दोन आज्यांचे जुळेना. एक म्हणे गावची विहीर दुष्काळात खणली, दुसरी म्हणे आधीचीच होती, दुष्काळात फक्त खोल केली. आता खरे कोणाचे, यावर पोरे मधल्या सुट्टीतही भांडली आणि शेवटी स्वतःच विहिरीवर जाऊन जुने बांधकाम कुठे संपते ते बघून आली. हा इतिहास नव्हे तर काय? आणि तो नऊ वर्षांच्या मुलांना झेपला.

पण मला सांगायचे आहे ते वीरगळाबद्दल. शाळेमागच्या देवळाच्या आवारात दोन वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरीव दगड, होते. गावाने शेंदूर फासून त्यांचे देव केले होते. मी चौथीला त्यांच्यासमोर जमिनीवर बसवले आणि सांगितले, हा दगड खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई आणि कडेला गाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघाल्या आहेत. मग शिवपिंडीची पूजा आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. गाई सोडवताना कोणीतरी मेला आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची कीर्ती राहो म्हणून गावाने हा दगड उभा केला, एवढेच मी बोलले. मग प्रश्न सुरू झाले. गाई कोणाच्या होत्या? एक मुलगी म्हणाली, "बाई, समोरच्यांकडे घोडे आहेत आणि ह्याच्याकडे नाही." इतक्या वेळा तो दगड पाहूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते. एकाने विचारले, याचे नाव काय? नाव कोरलेले नाही, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आपल्याला कसं कळणार?" इतिहास संशोधक जन्मभर हाच प्रश्न विचारत असतात हो!

त्याच आठवड्यात तपासणी लागली. साहेब वर्गात आले. मुलांना वीरगळाबद्दल सांगायचे होते, दोघीतिघींनी हात वर केले. साहेब म्हणाले, "ते राहू दे. शिवरायांचा जन्म कोणत्या किल्ल्यावर झाला?" वर्गाने एका सुरात उत्तर दिले. आमच्या खिडकीतून शिवनेरी दिसतो. त्या किल्ल्याबद्दल मुलांना शंभर गोष्टी विचारता आल्या असत्या. पाणी कुठे आहे, साखळीच्या वाटेने चढायला काय त्रास होतो, जिजाऊंच्या बाळंतपणासाठी हीच जागा का निवडली असेल. विचारली ती रिकामी जागा. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिले, "पाठ्यपुस्तकाबाहेरील उपक्रमांत वेळ जातो." ती ओळ मला आजही लागते. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाला गुण आहेत. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे काढले, ते मुलांनी आपल्या पायाखालची जमीन ओळखावी म्हणूनच ना? मग देवळामागचा दगड अभ्यासक्रमाबाहेरचा कसा झाला?

पुढे देवळाचा जीर्णोद्धार निघाला. त्यातला एक वीरगळ ठेकेदाराने पायरीला लावायला काढला होता. तेव्हा पाचवीत गेलेल्या त्याच मुली ठेकेदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला खालून वर सगळा दगड वाचून दाखवला. देवळाच्या कमिटीने दोन्ही दगड भिंतीला लावून उभे केले, ते आजही तिथे आहेत. माझ्या वर्गाचा निकाल मी एवढाच मानते.

लेखात शिक्षकांवरही ठपका आहे, की त्यांनाच इतिहासाची आवड नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, रोजची ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, हे सगळे उरकून जी बाई मुलांना नाणेघाटात नेते, सातवाहनांच्या काळात इथून कल्याणकडे माल कसा उतरायचा ते सांगते आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा तो दगडी रांजण दाखवते, तिला लेखक भेटलेले नाहीत. अशा बाया आणि गुरुजी तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांना शाळेच्या सहलीसाठी एसटी सवलतीत मिळते, पण परवानगी मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. लिहायचेच असेल तर त्यावर लिहा.

आणखी एक. त्याच लेखाबरोबर छापलेल्या छायाचित्राखाली 'रायगड' असे लिहिले आहे. तो रायगड नाही, राजगड आहे. सुवेळा माचीचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, फोटोत चक्क दिसते आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हे दोन्ही आहेत आणि तुमच्याच अंकाने तेव्हा पानभर मजकूर दिला होता. रायगडाच्या आधीची राजधानी राजगड, हे चौथीचे पोर सांगते. मुलांना इतिहास नको म्हणणाऱ्या लेखासोबतच ही चूक व्हावी, याचा मला संताप आला. तुमच्या रविवारच्या बालपानावर पूर्वी किल्ल्यांची माहिती यायची, आम्ही ती कात्रणे वर्गात लावायचो. ते पान बंद केल्यापासून तिथे क्लासच्या जाहिराती असतात. पान पुन्हा सुरू करा, ही विनंती.

छायाचित्राची दुरुस्ती मात्र विनंती नाही, ती झालीच पाहिजे. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींत नको. ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, फोटोसकट छापा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. पुणे