श्लोकातलं ‘निर्मळ’ पाणी

संपादक महोदय,

माझ्या नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. थर्माकोलचे ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारे जेसीबी, बरंचसं सामान दुकानातून तयार आणलेलं. आठवीतल्या नातीने मांडलं होतं पाण्याने भरलेलं घंगाळ आणि त्यात एक तांब्याची वाटी. परीक्षकांनी विचारलं, “यात चालतं काय?” ती म्हणाली, “बुडतं.” ते हसून पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस मिळालं नाही याचं काही नाही. २४ मिनिटं थांबायला कुणाला सवड नव्हती, याचं वाईट वाटलं.

ते घटिकापात्र होतं, म्हणजे पाण्यावर चालणारं जुनं घड्याळ. तळाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. लग्नात ‘घटका भरली’ म्हणायचे ते यावरूनच. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात एका श्लोकात कृती आहे: तांब्याचं पात्र, खाली छिद्र, निर्मळ पाण्याचं कुंड, अहोरात्रात ६० वेळा बुडावं. भोक केवढं पाडायचं, ते मात्र त्या श्लोकात नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. भोक पाडणं म्हणजे हातचा मळ! दिवाळीच्या सुट्टीत भांडी बाजारातून अर्धा लिटर मावेल अशी गोल बुडाची वाटी आणली आणि २ मिमीचा ड्रिल मारला. सहा मिनिटांत बुडाली. तांबटाकडून डाख देऊन भोक बुजवून घेतलं. तो म्हणाला, “काका, आधी बारीक पाडायचं. वाढवता येतं, कमी करता येत नाही.” हेच मी ट्रेनी पोरांना जन्मभर सांगत आलो होतो. मग पाऊण मिमीपासून सुरुवात करून, बारीक रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार) फिरवत फिरवत २४ मिनिटांवर आणलं.

पंधरा दिवसांनी तीच वाटी २६ मिनिटं घेऊ लागली. नातीने भिंग लावून पाहिलं, तर भोकाच्या कडेला बोअरच्या पाण्याचे क्षार साचलेले. श्लोकातला ‘निर्मळ’ हा शब्द मला तोवर शोभेचा वाटत होता. ती तर चक्क सूचना निघाली. पुढे जानेवारीतल्या पहाटे साफ केलेली वाटीही अर्धा मिनिट उशिरा बुडायची, कारण गार पाणी बारीक भोकातून सावकाश शिरतं.

पाण्याच्या घड्याळावर मोठ्यांनीही शंका घेतली होती. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळा सोडून पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजली, असं त्याने १६३८च्या ग्रंथात लिहिलंय. अलेक्झांडर कोयरे यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने अशा मोजमापातून काही हाती लागणं शक्य नाही असं म्हटलं. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तसंच साधं साहित्य जमवून प्रयोग केला आणि आकडे गॅलिलिओच्या म्हणण्याशी जुळले. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘पूर्वजांना काय कळत होतं’ म्हणणाऱ्यांनीही एकदा घंगाळात वाटी सोडून बघावी.

शिक्षण विभागाला विनंती, की शालेय विज्ञान प्रदर्शनांत जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक वेगळा गट ठेवावा. त्यात चुकांच्या वहीलाही गुण द्यावेत. नातीच्या वहीत बुडण्याच्या ४३ नोंदी आहेत, त्यातल्या निम्म्या चुकलेल्या.

कुठल्या शाळेला वाटी हवी असेल तर मी स्वतः आणून देईन. फक्त बोअरचं पाणी घालू नका.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, सातपूर, नाशिक