लोकरीच्या चिठ्ठीवर मीटर लिहा

मा. संपादक,
स. न.

थंडीची चाहूल लागली की मुंबईत हस्तकला प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बचतगटांचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवात स्टॉल लागतात, आणि दादर-पार्ल्याच्या हॉलमध्ये काही ना काही चालूच असते. साडी कशी पारखायची हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सुयांवर किंवा क्रोशाने विणणाऱ्यांनी धागा कसा पारखायचा, हे मात्र कोणी सांगत नाही आणि विक्रेतेही चिठ्ठीवर ‘प्युअर वुल, 100 ग्रॅम’ यापलीकडे काही लिहीत नाहीत.

घोळ शब्दापासूनच आहे. मराठीत आपण मेंढीच्या केसांनाही लोकर म्हणतो आणि ॲक्रिलिकच्या गुंड्यालाही. ‘बेबी वुल’ बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असते. त्यात वाईट काही नाही. रोज धुवायच्या बाळाच्या कपड्याला ते सोयीचे आणि स्वस्तही पडते. पण पैसे लोकरीचे मोजायचे असतील तर खात्री हवी. खरी लोकर पेटवली की केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढताच ती विझते आणि राख चिमटीत चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि मागे काळा, टणक मणी उरतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. ही परीक्षा वीतभर तुकडा घरी आणून, चिमट्यात धरून, सिंकवर करायची. मंडपात काडेपेटी काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

वजनाने तर सरळ फसगत होते. एका जाडीचे दोन धागे घेतले तर सुती धागा जड आणि ॲक्रिलिक हलके, म्हणून 100 ग्रॅममध्ये निघणारी लांबी वेगवेगळी. बारीक चार पदरी लोकर 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर निघते, डबल निटिंग (त्याहून जाड धागा) 200 ते 250 मीटरच. शिवाय खरी लोकर हवेतली वाफ शोषते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल धरली तरी हाताला ओली लागत नाही. मुंबईच्या हवेत थोडे पाणीही लोकरीच्या भावाने घरी येते म्हणायचे.

लांबी कळायला यंत्र लागत नाही. लडी (धाग्याचे सैल वेटोळे) उलगडून दोन हातांत ताणून धरा, एका फेऱ्याचा घेर टेपने मोजा आणि एका बाजूचे धागे मोजा. घेर दीड मीटर आणि धागे 270 भरले, तर एकूण लांबी 405 मीटर. लडी दोन-चार ठिकाणी बांधलेली असते, तिथे छोट्या झुबक्यांत मोजले की चुकत नाही. गाठी मात्र सोडू नका, नाहीतर सोडवण्यातच संध्याकाळ जाईल. जाडीसाठी पेन्सिल पुरते. धागा न ताणता, न दाबता शेजारी-शेजारी गुंडाळायचा. एका इंचात 14 फेरे बसले तर चार पदरी, 11-12 बसले तर डबल निटिंग.

हातकताई धाग्याचा पीळ बघाच. हातभर धागा ओढून दोन्ही टोके एकत्र धरा. लोंबता फास जागच्या जागी गरगर वळला तर पीळ जास्त आहे. असा धागा नुसत्या सुलट-उलट विणीत तिरका पळतो, स्वेटरची बाजूची शिवण पोटावर येते आणि इस्त्री करून ती मागे जात नाही. गडद नीळ किंवा लाल रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहा. हाताने रंगवलेल्या मालाला लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक) नसतो, म्हणून दोन लड्या घेऊन दर दोन ओळींनी आलटूनपालटून विणाव्यात. तसे न केल्यास जिथे लडी बदलली तिथे छातीवर आडवा पट्टा उमटतो. गिरणीचा माल घेताना सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, एखादा जास्तच. आणि रंग मंडपातल्या दिव्याखाली ठरवू नका, बाहेर उजेडात नेऊन बघा.

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि चिवट, घोंगडीला तिच्या तोडीचे काही नाही. पिशवी किंवा आसन विणायलाही छान. बाळाची टोपी तिची करू नये. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसांची टोके कातडीला टोचतात. तळहाताला ते कळत नाही, मानेला लावून बघावे लागते.

सुयांच्या नंबरांचाही एक घोळ आहे. आपला 8 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटे, तिथला 8 म्हणजे 5 मिमी. नमुना इंटरनेटवरचा असेल तर मिमी बघूनच सुया घ्या.

तयार विणलेल्या वस्तूंच्या घासाघिशीबद्दलही लिहायलाच हवे. सहा महिन्यांच्या बाळाच्या चार पदरी स्वेटरला, 10 सेंमीत 28 टाके आणि 36 ओळी धरल्या, तर पाठ-पोट-बाह्या मिळून वीस हजारांवर टाके होतात. मिनिटाला 20 टाके घालणाऱ्या सराईत हातालाही सतरा तास लागतात. शिवण, काज-बटणे त्यानंतर. तो स्वेटर 400 रुपयांना मागणारे गिऱ्हाईक तासाला पंचवीस रुपयेही देत नाही, आणि त्यातच लोकरीचा खर्च आला. वाजवी तक्रार करायची तर गळ्याची पट्टी ताणून बघावी. टाके घट्ट बंद केले असतील तर बाळाच्या डोक्यातून ती जाणार नाही. असा दोष दाखवून सांगा, भाव पाडू नका.

आयोजकांना एकच विनंती आहे. धागा विकणाऱ्या प्रत्येक स्टॉलला हाताने लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. त्यावर तंतू कोणता, लांबी किती मीटर, लॉट असल्यास नंबर, सुई किती मिमीची आणि धुवायचे कसे, एवढ्या पाच ओळी पुरेत. यातली धुण्याची ओळ सर्वांत आधी भरावी. कारण साधी लोकर गरम पाण्यात मशीनमध्ये फिरली की आटून नमद्यासारखी (दाबून घट्ट झालेल्या जाड कापडासारखी) होते, आणि मोठ्यांचा स्वेटर नातवाला येतो.

आपल्या,
विणकाम करणाऱ्या काही वाचक, दादर, मुंबई