रोज सकाळी राज्य सोडणारी आमची मुलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्या वाचकांच्या पानावर तरुणांनी राज्य सोडून जावं की इथेच राहावं यावर पत्रं येतायत. कुणी म्हणतंय मराठी मुलगा घर सोडायला बघत नाही म्हणून मागे पडतो, कुणी म्हणतंय सगळे निघून गेले तर गावात म्हातारे सोडून राहणार कोण. सगळी पत्रं वाचली मी. पण आमच्याकडे जे चाललंय ते या दोन्हीत बसत नाही आणि त्यावर कुणी लिहीत पण नाही, म्हणून आज पहिल्यांदाच पेपरला लिहायला बसलेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बांद्याजवळच्या एका गावात राहते. पत्रादेवीचा चेकनाका आमच्या घरापासून बाइकवर दहा मिनिटं, त्याच्या पुढे गोवा. आमची मुलं राज्य सोडतात, पण रोज सोडतात. पहाटे साडेपाचला आमच्या रस्त्यावर येऊन उभं राहिलात तर दिसेल, एकामागून एक बाइक, एकेका बाइकवर दोघं दोघं, पाठीला सॅक आणि सॅकमध्ये डबा. कुणी तुयेला, कुणी थिवीला, कुणी कुंडईला, वेर्ण्यापर्यंत जाणारे पण आहेत, दोडामार्गची मुलं डिचोलीकडे उतरतात. औषधांच्या कंपन्या, पॅकिंग, हॉटेलं, आणि 2023 च्या जानेवारीत मोपाला विमानं उतरायला लागली तेव्हापासून तिकडे सुद्धा. सेकंड शिफ्टवाला रात्री अकराला सुटतो आणि बारा-साडेबाराला घरी पोचतो, पावसाळ्यात तर त्याला दार उघडेपर्यंत आईला झोप लागत नाही. हे मी माझं सांगतेय.

बाहेर जाणं कोकणाला नवीन नाही हो. माझे सासरे मुंबईला गिरणीत होते, लालबागला गावच्या माणसांच्या खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, ज्याची शिफ्ट सुटली तो झोपायचा आणि दुसरा उठून कामाला जायचा. 1982 चा संप झाला, ते गावी आले आणि परत गेलेच नाहीत. पण तोपर्यंत मनिऑर्डरवर या घराची कौलं बदलली होती, विहीर बांधून झाली होती, दोन नणंदांची लग्नं झाली होती. ते गेले म्हणून हे घर उभं राहिलं हे मला मान्यच करावं लागेल. आणि त्यांच्यासारखे किती गेले ते जनगणनेत दिसतं, 2001 ला सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती आणि 2011 ला 8,49,651, म्हणजे वाढायची सोडून 19 हजारांनी कमी झाली, रत्नागिरीची तर 81 हजारांनी. त्याच दहा वर्षांत सगळ्या महाराष्ट्राची 16 टक्क्यांनी वाढली. 2011 ला आमच्या जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1036 बायका होत्या आणि रत्नागिरीत 1122, हे वाचून काही लोकांना बरं वाटतं की कोकणात मुलींना मान आहे, पण खरी गोष्ट अशी की पुरुष गावात नाहीत. आणि शिकलेले नाहीत म्हणून जातात असं पण नाही, कोकण विभागाचं बोर्ड 2012 पासून वेगळं झालं तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात आमचे हे दोनच जिल्हे राज्यात पहिले येतात. एवढं शिकून मग पुढे काय, याचं उत्तर जिल्ह्यात मिळत नाही.

आता माझ्या मुलाचं सांगते. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, 2016 ला त्याला बेंगलोरच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून घेत होते. पगार फार नव्हता, पण शिकायला मिळणार होतं आणि वर्षाने बघून पर्मनंट करू म्हणाले होते. मी जाऊ दिलं नाही. दोन दिवस जेवले नाही मी. म्हटलं, कित्याक लांब जातंस, गोव्यात लाग, रातचो घराक तरी येतलंस. शेजारपाजारचे सगळे तेच म्हणाले, घरचं जेवण, भाडं नाही, आईबाप डोळ्यासमोर, अजून काय पाहिजे. तो काही बोलला नाही, पुढच्या महिन्यात गोव्यात एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला.

त्याला आज आठ वर्षं होऊन गेली. या आठ वर्षांत त्याचे तीन कॉन्ट्रॅक्टर बदलले, काम तेच, मशीन तेच, नाव मात्र दरवेळी नवीन रजिस्टरवर. पगार वाढला पण तिकडच्या पर्मनंट माणसाच्या निम्मा पण नाही. मधल्या काळात बेंगलोरला गेलेला त्याच्या वर्गातला मुलगा तीन कंपन्या बदलून आता सुपरवायझर आहे, आणि तो माझ्या मुलापेक्षा हुशार होता असं कुणी म्हणणार नाही. माझा मुलगा जे पहिल्या वर्षी शिकला तेच आठव्या वर्षी करतोय कारण दिवसाचे दोन तास बाइकवर जातात आणि रात्री घरी आल्यावर माणूस दमलेला असतो, कुठला कोर्स करणार आणि कधी करणार. लग्नाचं बघतोय तर मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न, पर्मनंट आहे काय? त्यांचं तरी काय चुकलं.

2019 च्या पावसात तो रात्री येताना हायवेवर पडला, पाय मोडला. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापून घेत होते म्हणून विचारायला गेलो तर मडगाव गाठायला लागलं, कागद गोव्याचे, पत्ता महाराष्ट्राचा, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. अडीच महिने घरी बसला आणि परत गेला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा होता. मग 2020 ला लॉकडाऊन लागला आणि चेकनाकाच बंद झाला, तेव्हा पहिल्यांदा आम्हाला नीट कळलं की ही दहा मिनिटांवरची गोष्ट म्हणजे दुसरं राज्य आहे. काही मुलं तिकडेच कंपनीत अडकली, फरशीवर झोपून दिवस काढले, बाकीची इकडे बसून राहिली आणि पगार बंद. पुढच्या वर्षी परत टेस्टचा रिपोर्ट दाखवा तरच आत, रोजच्या रोज जाणाऱ्याने किती वेळा टेस्ट करायची.

गोव्याबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्याकडे लगेच तसं बोललं जातं. बांबोळीच्या हॉस्पिटलने आमच्या जिल्ह्यातली किती माणसं वाचवलीत, 2018 पासून बाहेरच्यांना फी लावली तरी अजून आम्ही आधी तिकडेच धावतो. 1967 च्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात न येता वेगळं राहायचं ठरवलं तो त्यांचा हक्क होता. सरकारी नोकरीला 15 वर्षांचा रहिवासी दाखला मागतात, कोंकणी यायला पाहिजे म्हणतात, ते पण त्यांच्या मुलांसाठी आहे, कुठलंही राज्य करेल. मला वाईट वाटतं ते आमच्या मुलांचं, ती ना तिकडची मतदार ना इकडची कामगार. तिकडचा पुढारी त्यांना भायले, म्हणजे बाहेरचे, म्हणतो, इकडच्या पुढाऱ्याला मुलं गोव्यात लागली की आपल्यावरची जबाबदारी संपल्यासारखी वाटते. मध्ये दोडामार्गातल्या लोकांनी आमचा तालुका गोव्याला जोडा म्हणून मागणी केली होती, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना ते आवडलं नाही, मला पण नाही आवडलं, पण ती माणसं तशी का बोलली ते मला कळलं होतं.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की गोव्याची स्वतःची मुलं गोव्यात थांबत नाहीत. पूर्वी तारवटी म्हणून बोटीवर जायचे, आखातात जायचे, आता 1961 च्या आधीच्या आजी-आजोबांच्या जन्माच्या नोंदी काढून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतात, ब्रेक्झिटच्या आधी तर त्यावर किती जण इंग्लंडला गेले, स्विंडनसारख्या गावात गोव्याची वस्तीच झाली. पण ते जातात तेव्हा पुरते जातात. तिथे भाड्याने राहतात, तिथलं काम शिकतात, आणि पाच-दहा वर्षांनी परत यायचं का ते त्यांचं ते ठरवतात.

माझी मुलगी धाकटी. बी.फार्म झाली आणि 2021 ला हैदराबादला लागली. तिला आम्ही जाऊ दिलं, आणि का जाऊ दिलं ते आज लिहिताना लाज वाटतेय, कारण घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की मुलगी काय, आज ना उद्या लग्न होऊन जायचीच. मुलाला मात्र घर सांभाळायचंय म्हणून धरून ठेवला. आज ती स्वतःच्या पगारावर रूम घेऊन राहते, तेलुगू बोलते, दोन वेळा पगार वाढवून घेतलाय, चतुर्थीला न चुकता येते आणि गेल्या वर्षी घराचं छप्पर तिने दुरुस्त केलं. जिला जाऊ दिलं तिच्यामुळे घर सावरलं आणि ज्याला घरासाठी ठेवला तो घरी फक्त झोपायला येतो. आठ वर्षं तो माझ्या डोळ्यासमोर आहे असं मी म्हणत होते, पण त्याच्याशी नीट बसून बोलल्याचे दिवस मोजले तर मुलीशी फोनवर जास्त बोलणं झालंय.

म्हणून माझं मत विचाराल तर, ज्याला गावातच काही करायचंय त्याने मनापासून इथे राहावं. आमच्याकडे काजूचा कारखाना काढलेली मुलं आहेत, मालवण-वेंगुर्ल्याकडे होमस्टे चालवणारी आहेत, 1997 ला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला त्याचा थोडा तरी उपयोग अशांनीच करून घेतला, कष्ट आहेत पण स्वतःचं आहे. आणि ज्याला जायचंय त्याने वीस-बावीसाव्या वर्षी पुरतं जावं, गोव्यातच जायचं असलं तरी तिथे रूम घेऊन राहावं, दोन तास बाइकवर घालवण्यापेक्षा त्या दोन तासात काहीतरी शिकावं. हे अर्धं जाणं आणि अर्धं राहणं नको. यात मुलगा ना इथला होतो ना तिथला, आणि त्याच्या वयाची सगळ्यात चांगली वर्षं चेकनाक्यावर निघून जातात. आयांनी, माझ्यासारख्या, त्याला रडून थांबवू नये.

सरकारकडे मागणं आहे ते पण लिहिते. केरळमधले लोक पण असेच बाहेर जातात, तर त्यांच्या सरकारने 1996 साली बाहेर राहणाऱ्या केरळी माणसांसाठी वेगळं खातंच काढलं, दुसऱ्या राज्यात असलेल्यांसाठी सुद्धा, मुलीबरोबर काम करणारी एक मल्याळी मुलगी आहे तिच्याकडून कळलं. आपल्या जिल्ह्याने निदान रोज सीमा ओलांडणाऱ्या मुलांची नोंद ठेवावी, कुठल्या कंपनीत, कुणाच्या कॉन्ट्रॅक्टवर, पीएफ भरला जातो की नाही. शिफ्ट सुटायच्या वेळेला बांदा आणि दोडामार्गपर्यंत बस द्या, रात्री अकराला हायवेवर पावसात बाइक चालवणाऱ्या मुलांसाठी एवढं तरी दोन राज्यांनी मिळून करावं, तिलारीचं धरण दोन्ही राज्यांनी मिळून बांधलं ना. ईएसआयची सोय कामगार राहतो तिथे पाहिजे. आणि आमच्या दोडामार्ग तालुक्यातल्या आडाळीच्या एमआयडीसीला लोकांनी जमिनी देऊन किती वर्षं झाली, तिथे आमच्या मुलांना पुरेल एवढं काम कधी येणार ते तारीख घालून सांगा, तोपर्यंत ही रांग पत्रादेवीकडेच जाणार आहे.

मुलाने परवा राजीनामा दिला. चतुर्थी झाली की बेंगलोरला जातोय, त्याच्या त्या मित्राच्या रूमवर, तिशीला आल्यावर परत ट्रेनीसारखं सुरू करायचंय. बाइक विकायला काढलीय. काल संध्याकाळी वाडीतला एक मुलगा बाइक बघायला आला, यंदाच बारावी झाला, ऐंशी टक्के आहेत. म्हणाला, काकी, पुढच्या महिन्यापासून गोव्यात जातोय, पॅकिंगला. मी त्याला काही बोलले नाही, बाइक पण दिली नाही अजून. तो गेल्यावर चप्पल घातली आणि त्याच्या आईकडे गेले, रात्री उशिरापर्यंत बसलो होतो आम्ही दोघी.

आपली,
एक वाचक
बांदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग
(मुलाच्या कामाचा प्रश्न आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती.)