फरक पडला नाही, हेही छापून येऊ दे

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती उद्धृत झाले यावरून संशोधकाला मिळणारा आकडा, ११ वर अडकलाय आणि प्रमोशनच्या फॉर्ममध्ये आधी तोच रकाना बघतात. पण मला जास्त लागलं ते त्याच्या पुढचं. ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरच्या चाचणीत, औषधाने फरक पडला नाही, तर तो पेपर राहू दे, इतर लोक चटकन साइट (उद्धृत) करतील असं काहीतरी लिही, असा सल्ला तुला मिळालाय. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत गेली, त्यामुळे हे आकडे मला परके नाहीत. यूजीन गारफील्ड यांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, आमच्या कामाचा होता. बजेट तुटपुंजं, नियतकालिकांची वर्गणी दरवर्षी वाढणारी, मग कुठलं चालू ठेवायचं हे ठरवायला तो हाताशी असे. नियतकालिक जोखायचं माप ते. त्याने माणूस कसा मोजणार? एच-इंडेक्स तर २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. तुझे ११ पेपर प्रत्येकी निदान ११ वेळा उद्धृत झालेत, एवढंच तो सांगतो. ते कशासाठी उद्धृत झाले, हे त्याला कळत नाही. हृदयाच्या मूलपेशींवरच्या एका प्रयोगशाळेचे ३१ पेपर, त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती असल्याने, मागे घ्यावेत, असं २०१८ मध्ये हार्वर्डला सांगावं लागलं. साइटेशन त्यांनाही भरपूर होती.

आता तुझ्याच विषयातली गोष्ट. तुला ती ठाऊक असणार, तरी सांगतेच. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयात जास्तीचे, वेडेवाकडे ठोके पडतात, ते अचानक दगावण्याचा धोका जास्त. म्हणून ठोके दाबणारी औषधं द्यायची. ईसीजी स्वच्छ दिसायचा, डॉक्टरांना हायसं वाटायचं. पुढे अमेरिकेत हीच औषधं तपासणारी 'कास्ट' ट्रायल झाली. त्यातल्या दोन औषधांचे आकडे १९९१ मध्ये सविस्तर छापून आले: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके सुधारले आणि माणसं गेली.

मला झोप लागू देत नाही ते याच्या आधीचं. त्याच जातीच्या लॉरकेनाइड नावाच्या औषधाचा छोटा अभ्यास इंग्लंडमध्ये १९८० मध्येच झाला होता. रुग्ण शंभराच्या आत. औषध घेतलेल्यांत ९ मृत्यू, न घेतलेल्यांत १. संशोधकांना तो योगायोग वाटला. कंपनीने धंद्याच्या कारणाने ते औषध सोडून दिलं आणि पेपर तसाच पडून राहिला. तो छापला १९९३ मध्ये, आणि हा निकाल आधी बाहेर आला असता तर धोक्याची सूचना मिळाली असती, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. तेरा वर्षं, मुक्ता! तेवढ्या काळात किती घरांत त्याच जातीच्या दुसऱ्या गोळ्या गेल्या असतील.

मखमलाबादच्या बाळूमामाचा गोळ्यांचा डबा मीच भरते. त्यात ॲस्पिरिन आहे, कारण १९८८ च्या 'आयसिस-२' या हार्ट अटॅकच्या ट्रायलमध्ये १७,१८७ रुग्णांवर तिचा उपयोग सिद्ध झाला. आणि ठोके दाबणाऱ्या त्या दोन गोळ्यांपैकी एकही त्यात नाही, कारण कुणीतरी नको असलेला निकाल छापला. बाळूमामाला यातल्या एकाही संशोधकाचं नाव माहीत नाही. छाटणीच्या दिवसांत तो पुन्हा बागेत उभा राहतो, हा माझ्या हिशेबी त्यांच्या कामाचा प्रभाव. तो कुठल्या रकान्यात भरणार?

रकाना भरावाच लागतो, हे मला कळतं. नोकरी आहे, घराचा हप्ता आहे. फॉर्ममध्ये ११ लिहायला अजिबात लाजू नकोस, आणि खाली या ट्रायलबद्दल चार ओळी लिही: प्रश्न काय होता, रुग्ण किती, उत्तर काय आलं. एका अभ्यासाचे तीन तुकडे करून संख्या मात्र वाढवू नकोस. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद तू सुरुवातीलाच केली होतीस. ज्या रुग्णांनी संमतीच्या सह्या दिल्या, त्यांना निकालही मिळायला हवा. मोठ्या जर्नलने परत पाठवला तर लहान जर्नलला दे, तोवर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा मसुदा, सगळ्यांना वाचता येईल असा ऑनलाइन टाक.

संदर्भसूची मला मेल कर. खंड, पानं, वर्षं मी एकेक ताडून बघते. ते काम अजून माझ्याइतकं चोख कुणी करत नाही.

तुझी,
आई