१८६ नंतर पेन्सिल कुठे गेली?

प्रिय सुहास,

तुझी कादंबरी काल रात्री संपवली. तुझी म्हणजे तू दिलेली. आवडली नाही.

एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले. आता लिहून टाकलंय तर राहू दे. मधे तू फोनवर दोनदा विचारलंस, "कुठवर आलास?" आणि दोन्ही वेळा मी "चाललंय, चाललंय" म्हणून विषय बदलला. तुला तेव्हाच कळायला हवं होतं. पुस्तक आवडत असलं की मीच फोन करतो, तोही रात्री साडेअकराला. तुझ्या घरच्यांना विचार.

न आवडलेल्या पुस्तकासाठी आपण किती सोयीचे शब्द करून ठेवलेत बघ. 'वाचनीय' म्हणजे वाचलेलं नाही. 'संग्राह्य' म्हणजे कपाटात ठेवलंय, वाचणारही नाही. 'वेगळा प्रयत्न' म्हणजे काय चाललंय ते कळलं नाही. 'मुखपृष्ठ फार सुरेख झालंय' हे तर उघड सांत्वन. मीही हे सगळे वापरलेत. एका ओळखीच्या गृहस्थांच्या कवितासंग्रहाबद्दल मी "कागद चांगला वापरलाय" म्हणालो होतो. ते इतके खूश झाले की पुढचे दोन संग्रहही घरपोच आले. खोटं बोलल्याची शिक्षा, दुसरं काय.

तुला असलं काही सांगणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

पुस्तक तुला माहीतच आहे, म्हणजे निदान काही पानं तरी माहीत आहेत (त्याकडे येतोच). एक घर, चार पिढ्या, ५१२ पानं. त्यातले पणजोबा जसं बोलतात तसाच आठ वर्षांचा पणतू बोलतो. दोघांच्याही तोंडी 'अस्तित्व' हा शब्द आहे. कुणी कुणाला साधं "दार लाव" म्हणत नाही. दार लावण्यामागची वेदना आधी सांगतो, मग दार. आणि पाऊस! एकतीस प्रकरणं आहेत. त्यांतली बावीस पावसाने संपतात. मी मोजली. पुस्तक वाचताना माणूस मोजायला लागला की समजावं, गाडं रुतलं.

मग सोडून का दिलं नाही? एरवी मी बिनदिक्कत सोडतो. माझ्या कपाटात अर्धवट टाकलेल्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा आहे, आणि प्रत्येकात मी जिथून उठलो तिथे चिठ्ठी आहे. हे पुस्तक टाकलं नाही ते तुझ्या पेन्सिलीमुळे.

तुझ्या त्या रेघा! बारीक, सरळ, पट्टी धरून मारल्यासारख्या. समासात कुठे 'वा!', कुठे नुसतीच उभी रेघ. ७७व्या पानावर 'हे थेट आमच्या तात्यांसारखं' असं लिहिलंयस आणि मग 'तात्यांसारखं' खोडून टाकलंयस. ११८व्या पानावर एका वाक्याशी प्रश्नचिन्ह आहे, आणि मीही नेमका त्याच वाक्याशी अडखळलो होतो. खरं सांगू? शंभरेक पानांनंतर मी कादंबरी वाचतच नव्हतो. तुझी पुढची रेघ कुठे येते ते बघत होतो. १८६व्या पानावर तू एका वाक्याखाली रेघ मारायला घेतलीस आणि ती वाक्याच्या मध्यावर जरा खाली घसरून थांबली. त्यापुढे काही नाही. १८७ कोरं, १९० कोरं, २५० कोरं. मला आधी वाटलं, पेन्सिल हरवली असेल.

जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञाने २०१४ साली गंमत म्हणून एक हिशेब मांडला होता. किंडलवर वाचणारे लोक आवडलेल्या ओळींवर खुणा करतात. कुठल्याही पुस्तकातल्या सगळ्यात जास्त खुणावलेल्या पाच जागा घ्यायच्या, त्यांच्या पानांची सरासरी काढायची आणि एकूण पानांशी ताडून बघायची. लोक शेवटपर्यंत पोचत असतील तर खुणा पुस्तकभर विखुरलेल्या दिसतील, नाहीतर सुरुवातीलाच गर्दी. या मापाला त्याने स्टीफन हॉकिंगचं नाव दिलं, कारण १९८८चं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' हे घरोघरी असलेलं आणि फारसं कुणी न संपवलेलं पुस्तक म्हणून प्रसिद्धच आहे. त्याचा आकडा निघाला ६.६ टक्के. अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटीच्या भांडवलावरच्या ग्रंथाचा तर २.४. जवळपास ७०० पानांचं पुस्तक आणि पाचातली शेवटची खूण २६व्या पानावर! हे काही शास्त्र नव्हे, असं एलेनबर्गनेच सांगून ठेवलंय. पण तुझी शेवटची रेघ मी ताडून पाहिली: १८६ भागिले ५१२, म्हणजे छत्तीस टक्के. हॉकिंगच्या वाचकांपेक्षा तू कितीतरी चिवट निघालास.

गंमत राहू दे. मला खरोखर प्रश्न पडला तो असा, की हे पुस्तक मला आवडलं नाही की माझा अपेक्षाभंग झाला? दोन्ही एक नव्हेत. बसस्टँडवर वेळ घालवायला उचललेलं पुस्तक टुकार निघालं तर मी ते तिथेच बाकावर ठेवून येतो, राग येत नाही. राग येतो तो कुणीतरी आधी शब्द दिलेला असतो तेव्हा. शब्द देणारे फार असतात. मलपृष्ठ असतं, पुरस्कार असतो, 'याच लेखकाचं पहिलं वाचलंयस ना, मग?' असं म्हणणारे असतात. आणि शेवटी तू असतोस.

पुरस्काराचं तर कुणी मोजूनही पाहिलंय. बालाज कोवाच आणि अमांडा शार्की या दोघा संशोधकांनी २०१४ साली ६४ पुस्तकांवरचे अडतीस हजारांहून जास्त वाचक-अभिप्राय तपासले. निम्मी पुस्तकं पुरस्कार मिळालेली, निम्मी शेवटच्या यादीपर्यंत पोचून राहिलेली. निकाल लागला की पुरस्कारवाल्या पुस्तकांचे वाचक वाढायचे आणि त्यांना मिळणारे गुण मात्र दुसऱ्यांपेक्षा जास्त घसरायचे. पुस्तक तेच, एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नसायचं. फक्त आता ज्यांना त्या जातीचं पुस्तक एरवी आवडत नाही तेही पदक बघून यायला लागायचे. मला हे वाचून त्या लेखकांची फार दया आली.

उलट, नावडणं मनापासून करणारा वाचक मला आवडतो. 'कोसला' १९६३ साली आली. तिच्यातल्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'वर वैतागणारे लोक मला अजून भेटतात आणि त्यांच्याशी भांडायला मजा येते, कारण ते नेमका शब्द पुढे करतात. ('ठीक आहे, पण फार गाजवली' म्हणणाऱ्याशी काय भांडणार?) टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडत नव्हता. पण त्याने केलं काय? पन्नास वर्षं रशियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांतून तो पुन्हा पुन्हा वाचला, पंचाहत्तरीत सगळा नव्याने वाचून काढला, आणि मग १९०६ साली छापून आलेल्या निबंधात 'किंग लिअर'चा प्रवेशामागून प्रवेश घेऊन का पटत नाही ते सांगितलं. मला त्याचं म्हणणं पटत नाही. पण माझ्या आवडत्या पुस्तकांसाठीही मी एवढे कष्ट कधी घेतले नाहीत.

आणि कधीकधी दोष पुस्तकाचाही नसतो. हर्मन मेलव्हिलची कादंबरी 'मोबी डिक' ऑक्टोबर १८५१ मध्ये आधी लंडनला निघाली, 'द व्हेल' या नावाने, तीन खंडांत. शेवटी जहाज बुडतं. गोष्ट सांगणारा त्याच जहाजावर. इंग्रज समीक्षक चिडले: बुडालेला माणूस गोष्ट सांगतोय कुठून? मेलव्हिलला एवढंही कळत नाही? आता, तो एकटा कसा वाचला हे सांगणारा छोटासा उपसंहार मेलव्हिलने लिहिलेला होता. लंडनच्या आवृत्तीत तो छापलाच गेला नव्हता. पुढच्याच महिन्यात आलेल्या अमेरिकन आवृत्तीत तो आहे. एवढ्याशा मजकुरापायी केवढी नालस्ती!

हे आठवलं आणि मला वाटलं, आपल्याही पुस्तकात काही राहिलंय का ते बघावं. म्हणून ३००च्या पुढे मी जरा जपून पानं उलटत होतो, आणि ३०८ला अडकलो.

पान उघडेना. पुस्तकाचा फर्मा, म्हणजे बरीच पानं छापलेला मोठा कागद, घडी घालून शिवतात आणि मग तिन्ही बाजूंनी कडा कापतात, हे तुला मी सांगायला नको. या एका फर्म्याला वरच्या बाजूने पातं नीट लागलेलंच नाही. ३०७-३०८चा कागद आणि ३०९-३१०चा कागद वरून सलग, एकच घडी. खालून बोट घालून बोगद्यात डोकावल्यासारखं वाचता येतं, पण कुणी तसं वाचलेलं नव्हतं. घडी करकरीत होती. छापखान्यातून निघाल्यापासून त्या दोन पानांमध्ये उजेड गेलेला नव्हता.

सुहास, आणि तू मला म्हणाला होतास, "शेवट तर कळस आहे. तो परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो."

तो परत येत नाही रे. ४९८व्या पानावर त्याची तार येते, पावसातच, आणि पुढची चौदा पानं सगळे तारेवर बोलतात. परत कुणीच येत नाही. मग मी पुस्तक उलटं करून मागे पाहिलं. मलपृष्ठावर ठळक अक्षरांत आहे: 'परतीच्या प्रवासाची विलक्षण कहाणी'. ज्याने कुणी ते लिहिलं तोही बहुतेक १८६च्या आसपासच उठला असावा.

मी मोठ्याने हसलो. रागावलो नाही, कारण तू ते का म्हणालास हे मला माहीत आहे. तू पुस्तक देत होतास, आणि देताना 'मी अर्धंच वाचलंय, पण तू बघ' असं म्हणवत नाही. मलाही म्हणवत नाही. मागच्या वर्षी मी तुला दिलेलं ते प्रवासवर्णन आठवतंय? त्याची मी प्रस्तावना आणि फोटो पाहिले होते, बस्स. तू अजून त्याबद्दल एक शब्द काढलेला नाहीस, त्यावरून मी काय ते समजलोय.

पण मूळ गोष्ट अजून सांगायची राहिलीच. ती पानं मी पट्टीने सोडवली. आणि तिथे, त्या न उघडलेल्या जागी, आत्या आहे.

तुला आत्या आठवणारही नाही. पहिल्या तीनशे पानांत ती दारं उघडते, दारं लावते आणि कुणी आलं की उठून आत जाते. इथे घर रिकामं आहे, सगळे लग्नाला गेलेत. ती वारलेल्या वहिनीचं कपाट आवरायला बसते. चष्म्याचं घर सापडतं. सहज म्हणून ती तो चष्मा डोळ्याला लावते, आणि तिला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा दिसतात. मग खिडकीबाहेरच्या झाडाची सुटी सुटी पानं दिसतात. आपल्याला इतकी वर्षं नीट दिसत नव्हतं हे तिला तेव्हा कळतं. कुणी विचारलं नाही आणि तिला माहीत नव्हतं. ती घरभर फिरते, एकेका फोटोसमोर थांबते, आरशासमोर मात्र जात नाही. फाटकाची कडी वाजते. ती चष्मा पुसून त्याच्या घरात घालते आणि कपाट लावते.

साडेतीन पानं. 'अस्तित्व' नाही, पाऊस नाही, एक संवाद नाही. मी ती लागोपाठ तीनदा वाचली. पुढे मी वाट बघत राहिलो, की आत्या परत कपाट उघडेल, निदान एखाद्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघेल. काही नाही. ३१३व्या पानापासून ती पुन्हा दारं उघडायला लागते. लेखकाच्या हाताला काय लागलं होतं ते त्याला कळलंच नाही, आणि तो पुन्हा आपल्या पावसाकडे वळला. बाकीची पाचशे पानं नुसती नावडती होती, त्यांचं मला काही नाही. जिवाला लागलं ते हे. नुसतंच वाईट असतं तर मी तुला दोन ओळींत कळवलं असतं.

पुस्तक या पत्रासोबत परत पाठवतोय. ३०८-३०९ आता उघडते, पण पट्टी जरा बोथट होती, त्यामुळे वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी आलीय, माफ कर. तेवढीच पानं वाच, बाकीचं वाचायची सक्ती नाही. चष्म्याच्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारलीय. तुझ्यासारखी सरळ नाही आली.

तुझाच,
अविनाश