आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

धोपावे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

बाबांच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना? इथे सगळं ठीक. होडीवरची ताडपत्री बदलून घेतली.

पत्राचं कारण वेगळं आहे. चार दिवसांनी आज ऊन पडलं म्हणून मी तंबू वलणीवर टाकला, आणि शेजारच्या काकूंनी तो पाहिला. तुमच्या कानावर जायच्या आत मीच सांगते. जुलैत मी ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेले नव्हते. आम्ही तिघी गाडी घेऊन स्पितीला गेलो होतो.

मनालीला आपल्यासारखाच पाऊस कोसळत होता. नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे निघालो आणि वायपर बंद केले. ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात, त्यामुळे पुढे सगळं उघडंबोडकं. मग चंद्रा नदीच्या काठाने कच्चा रस्ता. (आई, हीच पुढे तांदीला भागेला मिळून चंद्रभागा होते. पंढरपूरची नव्हे, पण मी हात जोडले.)

छत्रू सोडून बातलकडे जाताना दुपारी साडेतीनला एका नाल्याने अडवलं. पूल नाही, पाणी रस्त्यावरूनच. तळाशी धोंडे गडगडत होते, ते काचा लावूनही ऐकू येत होतं. एक ट्रकवाला म्हणाला, आता नको, पहाटे जा. दिवसा वरचं बर्फ वितळतं, ते पाणी इथवर यायला दुपार टळते. रात्री गारठ्याने वितळणं थांबतं आणि नाला उतरतो. म्हणजे भरती-ओहोटीच की, बाबा! फक्त भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायला नको, घड्याळ पुरतं.

नाल्याशेजारी सपाट, मऊ वाळू होती. दोन खुंट्या ठोकल्यासुद्धा. मग तुमचं आठवलं: होडी ठेवायच्या आधी मागच्या भरतीने कचरा कुठवर आणलाय ते बघावं. बघितलं. सुकं गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्यांची रेघ आमच्या खुंट्यांच्या हातभर वर होती. सगळं उपटून चढणीवर नेलं. तिथे दहा पावलं चढलं तरी धाप लागते, त्यात मैत्रिणी माझ्यावर वैतागलेल्या. अंधार पडेस्तोवर ती वाळू पाण्याखाली गेली, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पहाटे साडेपाचला पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. मी काठीने तळ चाचपत पुढे चालले, पाय बधिर झाले. मागून गाडी पहिल्या गिअरमध्ये, मधे न थांबता. पुढची कुंझुम खिंड, काझा वगैरे फोटोंत दाखवीन.

खोटं बोलले, त्याबद्दल रागवा. विचारलं असतं तर आई नाहीच म्हणाली असती, हेही खरं.

तंबू संध्याकाळपर्यंत वाळेल. काकूंना मी ताडपत्री म्हणून सांगितलंय. त्यांचा फोन आला तर तुम्हीही तेच सांगा.

तुमची,
ताई